पहिली ओळ दैवशालाबाईंची

१

मंठ्यात स्टँडकडून बाजाराकडं वळलं की बी-बियाण्याचं एक दुकान लागतं. त्याच्या माडीवर कल्याणचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून. एरवी ती एक साधी खोली. भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम, त्यावर आईच्या गोधड्या ठोकलेल्या, आणि कोपऱ्यात काचेचं दार लावून केलेलं कपाटाएवढं गायचं खोपटं. खाली ट्रकमधून खताच्या गोण्या उतरायला लागल्या की रेकॉर्डिंग थांबवायचं, हा इथला कायदा.

कामाला मात्र तोटा नव्हता. मिरवणुकीची गाणी, देवीची गाणी, पैगंबरांच्या स्तुतीची नात, सरपंचाच्या वाढदिवसाचं गाणं, प्रचाराच्या जीपवर लावायचा आवाज. या सगळ्यांत कल्याणची हुकमी करामत एकच, साइडचेन. म्हणजे एका आवाजाचा लगाम दुसऱ्याच्या हाती द्यायचा. ढोलाचा ठोका पडला की बाकीचा बाजा आपोआप दबतो, ठोका सरला की उसळून वर येतो. गाणारीनं तोंड उघडलं की पेटी आणि ढोलकी जराशी खाली बसतात, ती थांबली की पुन्हा उठतात. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त गाणारी स्वच्छ ऐकू येते. कोण किती दबलं ते पाहायला स्क्रीनवर एक बारीक काटा असतो.

गाणं म्हणजे दुसरं काय, कोणी कोणाला जागा द्यायची एवढाच प्रश्न, असं कल्याण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. बोलायला काय जातं! घरी बायकोनं तोंड उघडलं की हा स्वतःच दबतो, तिथं काटासुद्धा लागत नाही, असं आमेर म्हणायचा. आमेर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लग्नाकार्याला मंडप आणि साऊंड लावणारा. त्याचं गोदाम मागच्याच गल्लीत होतं, त्यामुळं चहाच्या वेळेला तो कुठून तरी उगवायचाच.

२

दैवशालाबाई आल्या त्या एकट्याच. या भागात त्यांना एकटं कोणी पाहिलं नव्हतं. साळूबाई आणि दैवशालाबाई, सख्ख्या बहिणी. मंठ्यापासून जाफराबादेपर्यंत कुठंही हळद असली की या दोघींना बोलावणं ठरलेलं. साळूबाई थोरली, तिनं ओळ सुरू करायची. दैवशालाबाई धाकटी, तिनं ओळ झेलायची. पोवाड्यात झीलकरी असतात ना, तसं. पहिलीचा सूर जमिनीला टेकायच्या आत दुसरीनं तो उचलायचा, पण तिच्या वर जायचं नाही. या खालच्या सुरात दैवशालाबाईंचा जन्म गेला होता.

साळूबाई मागच्या पावसाळ्यात वारली. आता तिच्या लेकीचं, अर्पिताचं लग्न निघालं होतं.

"पोरगी म्हणली, मावशी, हळदीला तूच म्हणायचं," दैवशालाबाई सांगत होत्या. "म्हणलं, बाई, मी झेलणारी. पहिली ओळ कोण टाकील? तर म्हणती, तूच टाक. आईचं लई ऐकलं, तुझं कधी ऐकलंच न्हाई."

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि तोंडभर हसूही आलं. पन्नाशी गाठलेल्या बाईला कोणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं की तुझा आवाज ऐकायचाय.

"बाजा लावून चांगलं करून दे, कल्याण. मशीनवर वाजवू, बाया नाचतील. पण एक ध्यानात ठेव. पोरीच्या कानात माझा आवाज गेला पाहिजे. मला दुसरं काही नको."

"मावशी, बिलकुल काळजी करू नका. माझं कामच ते."

काम सोपं दिसत होतं, पण खोपट्यात उभ्या राहिल्यावर बाईंच्या तोंडून आवाजच फुटेना. पेटी वाजायची, ढोलकी समेवर यायची, आणि बाई पुढं कोणीतरी ओळ टाकील म्हणून थांबायच्या. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी त्या काचेतून ओशाळून हसल्या.

"अक्काची ओळ कानावर पडल्याबिगर माझं तोंड उघडत न्हाई रे."

कल्याणनं यावर तोडगा काढला. अर्पिताकडून साळूबाईच्या गाण्याची मोबाइलवरची जुनी क्लिप मागवली, ती एका ट्रॅकवर टाकली आणि बाईंच्या कानातल्या हेडफोनवर सोडली. पुढं साळूबाई, पाठीवर दैवशाला. बाई घडाघडा गायला लागल्या. चार वेळा म्हटल्यावर कल्याण हळूच अक्काचा आवाज कमी करत गेला. सायकल शिकवणारा मागून हात सोडतो, तसा. पाचव्यांदा हेडफोनमध्ये साळूबाई नव्हतीच, आणि दैवशालाबाईंनी ओळ स्वतः टाकली.

*उन्हाची गं हळद, वाटी भरून ठेविली*
*नवरीच्या गालाला, मावशीनं लाविली*

मूळ गाण्यात 'आईनं लाविली' होतं. बाईंनी तेवढा एक शब्द बदलला होता. बाहेर आल्यावर त्यांनी कल्याणच्या पाठीवर चांगली सणसणीत थाप मारली.

३

दुसऱ्या दिवशी जेवण करून कल्याण मिक्सला बसला. पेटी साफ केली, ढोलकी घट्ट केली, नेहमीसारखी साइडचेन लावली. बाई बोलली की बाज्यानं खाली बसायचं. पहिल्या ओळीला सगळं बराबर बसलं. दुसऱ्या ओळीत 'मावशीनं' हा शब्द जरासा खाली गेला.

कल्याणचा कान तिखट. बाईंनी त्या शब्दाला मान वळवली असेल, असं त्याला वाटलं. गावाकडच्या बायका माइकसमोर स्थिर राहत नाहीत, पदर सावरतात, खिडकीकडं बघतात. त्यानं तेवढा शब्द वर उचलला आणि पुढं गेला. दुसऱ्या कडव्यात तोच शब्द पुन्हा खाली गेला. तिसऱ्यात त्याच्या मागचा शब्दही गेला.

तेव्हा त्याचं लक्ष काट्याकडं गेलं. काटा हलत होता, पण बाज्याच्या ट्रॅकवर नाही. तो बाईंच्या आवाजाच्या ट्रॅकवर हलत होता. दुसरा कोणीतरी तोंड उघडत होता आणि त्याला जागा द्यायला दैवशालाबाई दबत होत्या.

कल्याण हसला. चूक त्याचीच होती. काल साळूबाईची क्लिप घाईघाईत टाकताना तिची तार कुठंतरी बाईंच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या लगामाला, जोडली गेली असणार. नंतर त्यानं क्लिपचा आवाज बंद केला होता, पण आवाज बंद केला म्हणून तार तुटत नाही. ऐकू न येणारा ट्रॅकसुद्धा दुसऱ्याचा लगाम ओढू शकतो. नवशिक्यांना तो हेच समजावून सांगायचा, आणि आज स्वतःच त्यात पडला होता. शिकवणारा पोहायला गेला आणि गुडघाभर पाण्यात बुडाला!

त्यानं तार शोधली. सापडली नाही. मग असू दे म्हणून क्लिपचा अख्खा ट्रॅकच काढून टाकला, फाइलही पुसली. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

*नवरीच्या गालाला*, आणि काटा खाली गेला.

४

"कंप्यूटर जुना झालाय तुझा," चहाचा ग्लास खाली ठेवत आमेर म्हणाला. त्यानं हेडफोन लावून डोळे मिटले. कल्याण त्याचा चेहरा न्याहाळत राहिला. मनातून त्याला वाटत होतं की आमेरनं म्हणावं, काही नाही, सगळं ठीक आहे. म्हणजे दोष आपल्या कानाचा ठरेल आणि डॉक्टरकडं जाता येईल.

आमेरनं डोळे उघडले. "बाईचा आवाज खाली चालला ना इथं?"

"चालला ना?"

"बराबर जागेवर. मिक्स करताना तू दाबला असता ना, तर एवढा साफ दबला नसता." त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "साइडचेन कोणाची लावली?"

"कोणाचीच न्हाई. काढून टाकली."

"मंग काटा कामून हलून राह्यला?"

 कल्याणनं कॉम्प्रेसरच काढला. काटा नाही, लगाम नाही, काही नाही. नुसता बाईंचा आवाज, माइकनं उचलला तसा. स्क्रीनवर त्याची आकृती दिसत होती, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सारखीच जाड, भरलेल्या कणसासारखी. कुठंच बारीक झालेली नाही. त्यानं वाजवली.

पहिली ओळ आली. दुसरी सुरू झाली. आकृती तेवढीच जाड, रेघ तिच्यावरून सरकत होती, आणि आवाज खाली, आणखी खाली. ओळीच्या शेवटी नुसती खोली ऐकू येत होती. खोली म्हणजे पंखा, रस्त्यावरची एसटी, खालच्या दुकानातलं बोलणं. कल्याण त्याकडं कान लावून बसला आणि त्याच्या लक्षात आलं की पंखाही हळू झालाय. त्यानं वर पाहिलं. पाती त्याच वेगानं फिरत होती.

नंतर सगळं एकदम परत आलं. पंखा, एसटी, खालचा माणूस कोणाला तरी उधारीवरून शिव्या देत होता.

आमेर उठून उभा राहिला होता. "ऐकलं तू?" कल्याणनं विचारलं.

"ऐकलं म्हणजे..." आमेर थांबला. "सगळे गप बसले असं वाटलं. घरात मोठं माणूस बोलायला लागलं की बसतात, तसे." चहा अर्धाच टाकून तो निघाला. जिन्यातून त्यानं वर ओरडून सांगितलं, "जल्दी संपव ते काम."

५

कल्याणनं बाईंना बोलावून घेतलं. वाटलं, पुन्हा गाऊन घेऊ. नवी फाइल, नवा ट्रॅक, साळूबाईच्या क्लिपचा संबंधच नको. बाई आल्या आणि आधी कालचं ऐकते म्हणाल्या. कल्याणला नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मधे एकदाही भुवई उचलली नाही. गाणं संपल्यावर मांडीवरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "अक्का हाय."

कल्याणनं स्क्रीनकडं बोट दाखवलं. "मावशी, काही न्हाई तसं. सॉफ्टवेअर बिघडलंय माझं."

"असंल बाबा. मला त्यातलं कळत न्हाई. पण ही जागा मला कळती." त्यांनी बोटानं टेबलावर ताल धरला. "इथं अक्का ओळ उचलायची, आन मी खाली यायचे. ती मला दाबायची न्हाई हो, ध्यानात घे. वाईट न्हवती ती. मीच दबायचे. तिनं नुसतं तोंड उघडायचं. सवय लागली ती लागली. जेवायला बसलो तरी तिचं बोलणं झाल्यावर माझं. नवरा माझा, पण त्याला काय आवडतं ते पाव्हण्यांना अक्का सांगायची." त्या हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती, आणि तेच कल्याणला सोसेना.

"पर आता ती न्हाई ना रे," बाई पुढं म्हणाल्या. "आता तरी म्हणू दे की मला. एकदा. पोरीसाठी."

हे त्या कल्याणला सांगत नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या खांद्याशेजारी होती, खोपट्याच्या काचेकडं. कल्याणनं तिकडं पाहिलं. काचेत खोली दिसत होती, टेबल, स्क्रीन, तो आणि दैवशालाबाई. काचेतल्या दैवशालाबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या. शेजारी कोणी बसायला आलं की माणूस सरकतं, तशा. त्यानं वळून पाहिलं तर खरोखरच्या बाईही तशाच बसलेल्या होत्या. म्हणजे यात विचित्र असं काही नव्हतं. अर्धी खुर्ची रिकामी होती एवढंच.

त्या दिवशी बाईंनी गाणं पुन्हा म्हटलं. काचेपलीकडं त्यांचा गळा ताणलेला कल्याणला दिसला. त्यानं वाजवून पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, 'मावशीनं', सगळं ठणठणीत. त्याला एवढं सुटल्यासारखं वाटलं की त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी आशीर्वाद दिला. नेमका त्याच वेळी खाली ट्रक लागला असावा, कारण ओठ हलले पण शब्द काही त्याच्या कानावर आले नाहीत.

त्या गेल्यावर कल्याणनं खिडकीतून खाली पाहिलं. दुकानासमोर एक कुत्रं झोपलं होतं. ट्रक नव्हता.

६

हळद अर्पिताच्या वडलांच्या घरी, तळणीच्या वाटेवरच्या एका वस्तीवर होती. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलेलं. मंडप आमेरचा, स्पीकर आमेरचे. कल्याण पेनड्राइव्ह घेऊन स्वतः आला होता. खरं तर काही गरज नव्हती, पण पोरीच्या कानात गाणं गेलेलं त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाटावर अर्पिता बसली होती. चेहरा, हात, पाय पिवळेजर्द. तिनं मावशीला समोरच बसवून घेतलं. दैवशालाबाईंनी नवी हिरवी साडी नेसली होती आणि शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारख्या त्या सगळ्यांकडं बघत होत्या.

आमेरनं गाणं लावलं. पेटी वाजली, ढोलकी सुटली, बाया उठल्या. बाईंचा आवाज आला, *उन्हाची गं हळद*, आणि लगेच विरला. पुढं नुसता बाजा. नाचणाऱ्या बायांना त्याचा पत्ताच नव्हता, त्यांना ठेका पुरे होता. आमेरनं बटणं फिरवली, वायर हलवली, आणि कल्याणकडं पाहून मान हलवली.

दैवशालाबाईंनी हात वर केला. "बंद कर रे ते. मी अशीच म्हणते. तोंड हाय न मला."

बाजा थांबला. बाया हसत खाली बसल्या, कोणीतरी पोरांना दटावलं. माइक नाही, मशीन नाही, मधे कसलीच तार नाही. कल्याणला मोठा धीर आला. बाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला.

पहिला शब्द सगळ्या अंगणानं ऐकला. मग मंडपामागचा जनरेटर हळू झाला. चुलवणावरची पातेली, गोठ्यातलं वासरू, पोरांची भांडणं, एकेक करून सगळं खाली गेलं. काही थांबलं नव्हतं. वासराचं तोंड हलत होतं, पोरं एकमेकांना ढकलत होती. नुसते आवाज जागा देत होते. हे काम कल्याणनं आयुष्यभर आपल्या हातानं केलं होतं, त्यामुळं त्याला ते लगेच ओळखू आलं. 

दैवशालाबाईंचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या, कपाळावर घाम होता. कल्याणला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

बाया टाळ्या वाजवत होत्या. त्यांचाही आवाज नव्हता, पण हात दिसत होते. ते हात दैवशालाबाईंच्या ओठांशी जुळत नव्हते. बाईंचे ओठ जलद, हात संथ. आणि एकही बाई दैवशालाबाईंकडं बघत नव्हती. सगळ्यांचे चेहरे त्यांच्या उजव्या बाजूला वळले होते, तिथं सतरंजीवर कोणी बसलेलं नव्हतं. सकाळपासून वाऱ्यानं उलटणारा सतरंजीचा तो कोपरा आता सपाट पडला होता. अर्पिताही तिकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिनं आपला गाल थोडा पुढं केला होता.

कल्याणनं आमेरकडं पाहिलं. आमेरनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते.

दैवशालाबाईंनी मिटल्या डोळ्यांनी अख्खं गाणं म्हटलं. एकही कडवं सोडलं नाही. शेवटच्या ओळीला त्यांनी हात पुढं करून अर्पिताच्या गालाला हळद लावली, आणि तोंड मिटलं.

पातेली वाजली, वासरू हंबरलं, सगळं अंगण भरून आलं. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. दैवशालाबाईंनी डोळे उघडले. कल्याणनं माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद क्वचितच पाहिला होता. दम लागला होता, तरी त्या भाचीकडं टक लावून बघत होत्या. ती काय म्हणते याची वाट बघत होत्या.

अर्पितानं मनगटानं डोळे पुसले आणि मावशीचा हात दोन्ही हातांत धरला.

"मावशी," ती म्हणाली, "आता तू म्हण ना गं. कधीची वाट पाहून राह्यले मी."

दैवशालाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी कल्याणकडं पाहिलं, आणि कल्याणनं खाली मान घातली. त्यांनी पदर खोचला, छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले. मंडपामागं जनरेटरचा आवाज बारीक व्हायला लागला.